डुरकणीच्या शेवटी खोकला

२५ मार्च २०२५, मंगळवार. सकाळी ७.१०

नेमकी वेळ लिहून ठेवते, पुढे लागेल. सात वाजून दहा मिनिटांनी चहाचं पाणी ठेवलं, खिडकीबाहेर बघितलं, तर पालकाच्या वाफ्यात कोणाचं तरी तांबूस ढुंगण. दार उघडेपर्यंत कुंपणापलीकडे पसार. पालक फस्त. गुलाबाच्या चौदा कळ्या फस्त. प्लमच्या झाडाची साल कमरेएवढ्या उंचीपर्यंत सोललेली.

हरीण. नर. मार्चअखेर, म्हणजे माजावर आलेला. चव्वेचाळीस वर्षं शिकाऱ्याचा संसार केलेल्या बाईला हे कोणी सांगायला नको.

दहा मिनिटांनी वरच्या रानातून डुरकला. तीन लांब, एक आखूड. आणि शेवटी, चहा मागण्याआधी एखादा माणूस घसा साफ करतो तसा खोकला.

त्या खोकल्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

२५ मार्च, दुपारी २

संवर्धन खात्याच्या ऑफिसला फोन केला. हुइया नावाची मुलगी असते. मी ग्रंथालयात नोकरीला होते तेव्हा हिने घोड्यांचं एक पुस्तक अकरा आठवडे उशिरा परत केलं होतं. ते तिलाही आठवतं, मलाही. म्हणाली, "मिसेस टिअर्नी, रान सरकारचं असलं तरी हरीण कोणाचंच नसतं." मी म्हटलं, कोणाचंच नसलेलं जनावर माझाच पालक कसं ओळखतं? आणि ही हरणं इथली नव्हेतच. दीडशे वर्षांपूर्वी साहेबलोकांनी मौजेखातर जहाजात घालून आणली, आणि तेव्हापासून आमचे पुरुष ती निस्तरताहेत.

"आणणाऱ्यांना कळवू का?" ती म्हणाली.

उद्धट. पण वाक्य नीट पूर्ण करते. हल्ली तेवढंही दुर्मीळ.

लेखी तक्रार पाठवते असं सांगितलं. संध्याकाळी पाठवली. तीन पानं.

२७ मार्च, गुरुवार

डुगल मॅक्रे येऊन गेला. दाढी वाढलेली, बुटांना गुडघ्यापर्यंत चिखल. पेन्शन सुरू झाली की पुरुष आंघोळ सोडतात. डुगल आणि ओवेन तरुणपणी एकत्र सरकारी पगारावर हरणं मारायचे, मग लाकडाच्या एकाच गिरणीत लागले. त्यामुळे हा माणूस जवळजवळ पन्नास वर्षं माझ्या स्वयंपाकघरात न विचारता बसतो.

खिशातून कागद काढला. वाईपुना शिकार क्लबचा. वरच्या हटच्या, म्हणजे शिकाऱ्यांच्या मुक्कामाच्या खोपटाच्या, भिंतीवर पितळी पाटी लावायची आहे. "ओवेन टिअर्नी, १९४७–२०२२. या रानात हरवला." शनिवारी २६ एप्रिलला सगळे वर जाणार. घरच्या माणसाची सही असल्याशिवाय खिळा ठोकायचा नाही असा ठराव झाला आहे. ठराव कोणी मांडला? सचिवांनी. सचिव कोण? डुगल.

"फिल, तीन वर्षं झाली गं."

"मला मोजता येतं."

"त्याला कुठेतरी जागा नको का? थडगं नाही, काही नाही."

मी म्हटलं, जागा आहे. जेवणाच्या टेबलाशी, खिडकीकडची खुर्ची. तू त्याच खुर्चीवर बसला आहेस, ऊठ.

उठला. बिस्किट दिलं नाही.

वस्तुस्थिती इथे एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा लिहावी लागणार नाही. शनिवार, ९ एप्रिल २०२२ रोजी पहाटे साडेपाचला ओवेन माजाच्या शिकारीला वर गेला. अजून आलेला नाही. अकरा दिवस हेलिकॉप्टर फिरलं, कुत्री फिरली, काही मिळालं नाही. मिळालं नाही म्हणजे मिळालं नाही, त्याचा दुसरा काही अर्थ होत नाही. दोन वर्षांनी एका अधिकाऱ्याने मृत्यूचा दाखला पाठवला. मी तो "प्राप्तकर्ता या पत्त्यावर नाही" असं लिहून परत पाठवला. ते खरंही होतं.

जाताना डुगल दारात थांबला. म्हणाला, "सकाळी वर कोणी डुरकतंय, ऐकलंस?"

"हरीण आहे," मी म्हटलं.

"हो. हरीणच." आणि गेला. चेहरा असा, जणू मीच त्याला काहीतरी विचारलं होतं.

३० मार्च, रविवार. चर्चमधल्या मिस्सानंतर

निर्णय. खातं काही करत नाही, तेव्हा हरीण मीच मारणार.

बंदुकीचा माझा परवाना नोव्हेंबरपर्यंत वैध आहे. रायफल कपाटात, कुलपात. किल्ली संत अँथनींच्या पुतळ्याखाली. संत अँथनी हरवलेल्या वस्तू शोधून देतात असं लोक म्हणतात. आमच्याकडे ते त्यासाठी नाहीत. माझ्या आईकडून आले आहेत.

वय चौऱ्याहत्तर, पण नजर उत्तम (चष्म्यासह). उजवा गुडघा हवेवर अवलंबून. ओवेनने शिकवलं होतं त्यातलं सगळं आठवतं: वाऱ्याच्या समोरून जायचं, घाई करायची नाही, आणि काय मारतो आहोत ते पूर्ण दिसल्याशिवाय बोट घोड्यावर न्यायचं नाही. शिंग दिसलं म्हणजे हरीण नव्हे. माणूस मारलेल्या हरणाचं मुंडकं पाठीवर घेऊनही चालत असतो.

आठवडाभरात काम होईल. फ्रीजर रिकामा करून ठेवला.

१ एप्रिल, मंगळवार

माजावरचा नर दुसऱ्या नराचा आवाज ऐकून भांडायला खाली उतरतो. म्हणून शिकारी त्याच्यासारखे डुरकतात. कोणी गाईच्या शिंगातून, कोणी पाइपाच्या तुकड्यातून. १९८७ साली ओवेनने माझ्या नव्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी कापली होती. मी आठवडाभर बोलले नव्हते. आज तसल्याच नळीचा हातभर तुकडा मीच कापला. गालिचा कोण बघायला येतं!

सकाळी न्हाणीघरात सराव. पहिला प्रयत्न आमच्या शाळेतल्या सिस्टर इग्नेशियस नाक शिंकरत असल्यासारखा. दुसरा बरा. मग ओवेनच्या पद्धतीने केलं. तीन लांब, एक आखूड. घसा कोरडा पडला आणि शेवटी खोकला आला.

गिरणीच्या भुशामुळे ओवेनला तो खोकला होता. माझा भुशाशी काही संबंध नाही. घसा कोरडा.

वरून उत्तर आलं. लगेच. तीन लांब, एक आखूड, खोकला.

नळी टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवली. आज पुरे.

संध्याकाळी जपमाळेच्या वेळी पुन्हा डुरकला. माळेच्या पाच रहस्यांपैकी तिसऱ्या रहस्यापाशी थांबले. पुढचं आठवेना. साठ वर्षं रोज म्हणते.

४ एप्रिल, शुक्रवार

पहिली मोहीम. पाचचा गजर लावला होता. प्रत्यक्षात निघाले आठ-वीसला, कारण आधी मोजे सापडेनात, मग चष्मा सापडेना, मग चष्मा सापडल्यावर मोजे सापडले. रायफल जड झाली आहे. धातू वयानुसार जड होत असावा.

नारिंगी जाकीट घालायला हवं, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस दिसतो. पण घरातलं नारिंगी जाकीट ओवेनच्या अंगावर आहे. मी हिरवं लोकरी घातलं.

ओढ्याच्या वरच्या वळणापर्यंत गेले. तिथे गुडघ्याने हवामान जाहीर केलं. बसले, सँडविच खाल्लं, दोनदा डुरकले. उत्तर नाही. नऊनंतर हरणं झोपतात, हे मी विसरले नव्हते, फक्त वेळ तशी झाली होती.

चिखलात बुटाचा एक ठसा होता. वर जाणारा. शेजारी माझं पाऊल ठेवून बघितलं. नऊ नंबर असावा. ओवेनचा नऊ. देशातल्या निम्म्या पुरुषांचा नऊ.

पावसाने ठसे पसरतात. मोठे दिसतात. जुने ठसे ताजे दिसतात.

एकंदरीत टेहळणी यशस्वी.

६ एप्रिल, रविवार

उन्हाळी वेळ संपली, घड्याळं एक तास मागे केली. हरणाला कोणी कळवलेलं नाही. नेमका एक तास लवकर डुरकला.

संध्याकाळी आवाज खालून आला. पाण्याच्या टाकीपाशी असेल. टाकी घरापासून चाळीस पावलांवर आहे. इतकं धीट हरीण मी आजवर पाहिलेलं नाही. हेही पाहिलेलं नाही, म्हणा.

९ एप्रिल, बुधवार

आज काही विशेष नाही.

मटणाच्या दोन चापा भाजल्या. खाटीक जोडीनेच विकतो. ओवेनचे शहरात जायचे बूट काढून चरबी लावली. तीन वर्षं या महिन्यात लावते, कारण इथल्या दमट हवेत चामडं तडकतं. वापर असो वा नसो. पुस्तकांचंही तसंच आहे.

डुगलचा फोन आला. बराच वेळ बोलला नाही. मी म्हटलं, बोलायचं नसेल तर फोनला पैसे पडतात. म्हणाला, "आज आठवण आली, म्हणून." मी म्हटलं, "कसली?" त्याने फोन ठेवला. त्याच्या मागे वारा वाजत होता. घरात एवढा वारा कुठून येतो याच्या? खिडक्या कधीच दुरुस्त करणार नाही.

संध्याकाळी ६.०५. कुंपणाच्या अगदी मागे डुरकला. खिडकीची काच थरथरली. दिवा मालवला. भीतीने नव्हे, बिल येतं म्हणून. अंधारात दारापाशी गेले आणि मोठ्याने म्हटलं, "आत तरी ये, नाहीतर जा."

हरणाला.

बाहेर कोणीतरी खूप वेळ उभं होतं. मग नेच्यांची सळसळ वर वर जात राहिली. दार उघडलं नाही. आता लिहिताना वाटतं, उघडायला हवं होतं. रायफल हाताशी होती. चांगली संधी गेली.

चापा तशाच राहिल्या. दोन्ही.

१० एप्रिल, गुरुवार

हुइयाचा फोन. माझ्या तीन पानांचं उत्तर म्हणे. मी लेखी मागितलं होतं, पण असो.

"मिसेस टिअर्नी, तुमच्यामागचं रान माजाच्या दिवसांत चिठ्ठ्या टाकून देतात, तुम्हाला माहितीच आहे. २२ मार्चपासून २० एप्रिलपर्यंत ते एका पार्टीला मिळालं आहे. दोघांची पार्टी आहे."

मी विचारलं, दोघं मिळून तीन आठवड्यांत एक हरीण पाडत नाहीत? कोण आहेत हे अपंग?

नावं सांगता येत नाहीत म्हणाली. "पण तुम्ही वर जाऊ नका, प्लीज. माणसं हरणासारखी डुरकतात आणि समोरचं माणूसच डुरकत येतं. दोघांनाही वाटतं, हरीण. असेच अपघात होतात."

मी म्हटलं, मुली, हे तुझ्या जन्माआधीपासून मला माहिती आहे. अशी चूक नवशिके करतात. ज्याने उभा जन्म हे आवाज ऐकलेत त्याला माणूस कुठला आणि जनावर कुठलं हे पहिल्या सुरात कळतं.

ती अगदी हळू म्हणाली, "मी सहावीत होते तेव्हा तुम्ही त्या पुस्तकाचा दंड माफ केला होता. म्हणून सांगते. जाऊ नका."

दंड माफ केल्याचं मला आठवत नाही. मी असं करणार नाही.

१२ एप्रिल, शनिवार. सायंकाळी

अक्षर वाईट येईल. जे झालं ते क्रमाने लिहिते.

५.४० ला घर सोडलं. वेळेवर. ओढ्याच्या वळणावर पोहोचले तेव्हा उजाडत होतं. धुकं. बीच झाडांच्या खोडांना पाणी सुटलेलं. नळी काढली आणि डुरकले. तीन लांब, एक आखूड.

उत्तर आलं. वरून, हटच्या बाजूने. शेवटी खोकला.

माझाही खोकला आला. मी दाबला नाही.

मग तो खाली यायला लागला. मी डुरकायचे, तो डुरकायचा. तास गेला असेल. दर वेळी अंतर कमी. मला थंडी वाजत नव्हती, गुडघा दुखत नव्हता. खरं लिहायचं तर मला इतकं बरं तीन वर्षांत वाटलेलं नव्हतं. शिकारीत रक्त गरम होतं म्हणतात, त्यामुळे.

शेवटचं उत्तर वीस पावलांवरून आलं. नेचे हलले. धुक्यात काहीतरी उभं, उंच, फांद्यांचं. रायफल खांद्याला होती. सेफ्टी उघडलेली होती का? होती. हे लिहायला हवं. उघडलेली होती.

बोट घोड्यावर नेलं नाही. नियम आठवला म्हणून, असं मी कोणाही अधिकाऱ्यासमोर सांगेन. पण ही माझी डायरी आहे. मला नियम आठवला नव्हता.

मी म्हटलं, केवळ ओळख पटवण्यासाठी, "ओवेन?"

आणि त्याच क्षणी नेच्यांतून कोणी तरी म्हणालं, "ओवेन?"

पाणी ठिबकत होतं.

मग नेचे बाजूला झाले आणि नारिंगी जाकीट घातलेला डुगल मॅक्रे बाहेर आला. एका हातात गाईचं शिंग, दुसऱ्यात रायफल. पाठीला बांधलेल्या सुक्या फांद्यांची मोळी डोक्यावरून डोकावत होती. त्याने माझ्याकडे बघितलं, रायफल जमिनीवर ठेवली आणि मग स्वतः जमिनीवर बसला, थेट चिखलात. म्हातारा माणूस असा बसतो तेव्हा परत उठताना बघवत नाही.

"मी झाडणार होतो," तो म्हणाला. "फिल, मी झाडणार होतो गं. हिरवं काय घातलंस, बाई? हिरवं घालून कोणी येतं?"

मी म्हटलं, तू दाढी काढ म्हणजे माणूस वाटशील.

"बारा दिवस कोणीतरी सकाळी त्याच्यासारखं डुरकतंय. अगदी त्याच्यासारखं. खोकल्यासकट. मला वाटलं—"

"काय वाटलं?"

"हरीण वाटलं."

"मग हरणाला ओवेन म्हणून हाक मारतोस?"

"तू काय म्हणून मारलीस?"

उद्धटपणाला उत्तर देऊ नये असं सिस्टर इग्नेशियस सांगत. हात देऊन त्याला उठवलं. दोघंही पडता पडता वाचलो.

हट तिथून अर्ध्या तासावर होती. आम्हाला दीड तास लागला. पहिला अर्धा तास भांडण, बाकी दम. तीन वर्षांत मी तिथवर गेले नव्हते. डुगलने चहा केला, माझ्यापेक्षा पातळ. मेजावर वही होती. प्रत्येक हटमध्ये असते. येणाऱ्याने तारीख, नावं, किती माणसं, कुठे जाणार ते लिहायचं, म्हणजे परतलं नाही तर शोधता येतं. ओवेनचं शेवटचं लिहिणं त्या वहीत असेल म्हणून मी आजवर ती बघायला आले नव्हते. आज उघडली.

ओवेनचं २०२२ चं पान सापडलं. त्याचं अक्षर, नेहमीसारखं गिचमिड. "ओ. टिअर्नी. १. वरचा ओढा."

मग पुढची पानं. मार्च २०२३. डुगलचं अक्षर. "डी. मॅक्रे, ओ. टिअर्नी. २. वरचा ओढा." मार्च २०२४. "डी. मॅक्रे, ओ. टिअर्नी. २." या वर्षी. "डी. मॅक्रे, ओ. टिअर्नी. २."

मी वही त्याच्यासमोर धरली.

"चिठ्ठीच्या अर्जात दोन नावं लागतात," तो म्हणाला. "एकट्या म्हाताऱ्याला रान देत नाहीत."

"अर्जात लागतात. वहीत कोण विचारतं?"

"हात लिहून गेला."

"तीन वर्षं? तीन वर्षं हात लिहून जातो?"

त्याने चहात दुसऱ्यांदा साखर घातली.

"माझ्या घरी कागद घेऊन येतोस. बाई, सही कर, बाई, तो गेला, पितळेत खोदू. आणि इथे येऊन त्याला दुसरा कप ठेवतोस?" कारण फळीवर दुसरा कप होता. उपडा. पुसलेला.

डुगल म्हणाला, "तू सही केलीस की मलाही थांबता येईल, असं वाटलं होतं. एकट्याला थांबता येत नाही."

हे वाक्य त्याने चहाकडे बघत म्हटलं. त्याच्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या लोकांना इतकंही कधी बोलता येत नाही. चहा प्यायले. दुसऱ्या कपातून.

उतरताना त्याने माझी रायफलही घेतली. कुंपणापाशी आल्यावर मी सांगून टाकलं की सकाळचं एक वेळ ठीक, पण संध्याकाळी माझ्या टाकीपर्यंत येऊन डुरकायचं काही कारण नव्हतं. जपमाळ मोडते. आणि बुधवारी कुंपणाला लागून उभं राहिलास तर दार तरी वाजवायचं.

तो थांबला.

"संध्याकाळी मी हटमधून हलत नाही, फिल. अंधारात माझे गुडघे चालत नाहीत. संध्याकाळी तूच डुरकतेस ना? मी वरून ऐकतो की."

"संध्याकाळी मी जपमाळ करते."

आम्ही दोघांनी टाकीकडे बघितलं. मग त्याने माझी रायफल मला दिली आणि "बरं मग" म्हणाला. मीही "बरं मग" म्हटलं. दिवसाउजेडीच तो वर गेला. चालण्याची गती त्याच्या गुडघ्यांना न शोभणारी.

१४ एप्रिल, सोमवार

हुइया स्वतः आली. जोडे बाहेर काढले, हे बरं. वाफ्याजवळ बसली, ठसे बघितले, प्लमची साल बघितली, कुंपणाच्या तारेला अडकलेले केस चिमटीत धरले.

"मिसेस टिअर्नी, हे हरीण नाही. शेळी आहे."

मी म्हटलं, मी नजरेने पाहिलं आहे.

"काय पाहिलंत?"

मागचा भाग पाहिला होता. तसं सांगितलं. ती हसली नाही, फक्त वाफ्याकडे बघत राहिली. जरा जास्त वेळ. रानटी झालेली शेळी आहे, साल सोलण्याची सवय शेळ्यांनाच, उद्या माणूस पाठवते म्हणाली.

"मग डुरकतं ते?" मी विचारलं.

"सकाळचं मिस्टर मॅक्रेंनी सांगितलं मला. माफी मागून गेले ऑफिसात." मग थांबून म्हणाली, "संध्याकाळचं म्हणाल तर या बाजूला एकही नर नाही. गेल्या आठवड्यात आमची माणसं फिरून गेलीत."

मी चहा विचारला. थांबली. दोन बिस्किटं खाल्ली. जाताना म्हणाली, "दंड माफ केला होतात. खरंच." मी म्हटलं, मी विसरले असेन. आयुष्यात बरंच विसरले असेन.

शेळी. तीन पानी तक्रार, एक व्हॅक्यूम क्लीनर, रिकामा फ्रीजर. शेळी.

१६ एप्रिल, बुधवार

खात्याच्या माणसाने शेळी मारली. एकाच गोळीत. मला बघायला बोलावलं. लहान होती, तांबूस, दात झिजलेले. खायचं का विचारलं. नको म्हटलं. ईस्टरआधीचा पवित्र आठवडा आहे, मांस खात नाही.

सकाळी शांत. संध्याकाळी शांत.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

शांत.

तीन वाजता चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची प्रार्थना. नंतर परसात जाऊन उभी राहिले. टाकीपर्यंत गेले. तिथे गवत दबलेलं आहे, बसण्याएवढी जागा. शेळीने दाबलं असणार.

मी तक्रार केली होती. तक्रार मिटली. समाधान व्हायला हवं. सिस्टर इग्नेशियस म्हणत, मागितलेलं मिळालं की माणसाचा खरा स्वभाव कळतो. मी त्या वेळी त्यांना उद्धटपणे उत्तर दिलं होतं. काय दिलं ते आठवत नाही.

अंधार पडेपर्यंत जपमाळ केली. पाचही रहस्यं आठवली. ओळीने. मध्ये कोणी थांबवलं नाही.

२१ एप्रिल, सोमवार. सकाळी ६.३०

नळी घेऊन कुंपणापाशी उभी राहिले आणि डुरकले. तीन लांब, एक आखूड. घसा नीट होता, तरी खोकला आला.

काही नाही.

पुन्हा.

डुगलची मुदत काल संपली, तो खाली उतरला असणार. त्याने उत्तर न देणं नियमानुसारच आहे. बाकी कोणाकडून मला उत्तराची अपेक्षा नव्हती.

अपेक्षा होती. लिहून ठेवते, कारण खोटं लिहायला डायरी कशाला? अपेक्षा होती.

सव्वासातपर्यंत थांबले. मग आत आले आणि क्लबचा कागद ड्रॉवरमधून काढला.

२२ एप्रिल, मंगळवार. पाठवलेल्या पत्राची नक्कल

श्री. डुगल मॅक्रे,
सचिव, वाईपुना शिकार क्लब.

विषय: पितळी पाटी, आणि परवान्यातील गैरप्रकार.

महाशय,

सोबत सही केलेला कागद जोडला आहे. सही माझी आहे आणि शुद्धीत केलेली आहे. पाटीचा मजकूर आहे तसा राहू द्यावा. शनिवारी मी वर येणार आहे. मला कोणी हात देऊ नये, आपण सोडून.

आपण सलग तीन वर्षं सरकारी अर्जात आणि हटच्या वहीत माझ्या पतीचं नाव हयात शिकारी म्हणून लिहीत आला आहात. मेलेल्या माणसाच्या नावावर परवाना घेणं हा गुन्हा आहे. मी त्याची विधवा या नात्याने आपल्याला हे कळवते, आणि हे यापुढे चालू देणार नाही.

पुढच्या वर्षीच्या अर्जात दुसरं नाव माझं घालावं. वहीतही. "डी. मॅक्रे, पी. टिअर्नी. २." फिलोमिनाचं आद्याक्षर इंग्रजीत पी असतं, एफ नव्हे; अक्षर सुवाच्य काढावं.

सकाळी डुरकण्याचं काम आपण हटकडून करावं, मी ओढ्याकडून करीन. संध्याकाळी दोघांनीही गप्प बसून ऐकावं. ऐकू आलं तरी एकमेकांना सांगू नये.

वरील अटी मान्य आहेत किंवा नाहीत, याचं लेखी उत्तर गुरुवार, २४ एप्रिल रोजी सायंकाळी पाचच्या आत माझ्या हाती पडावं. फोन चालणार नाही.

फिलोमिना टिअर्नी